नवख्या क्वार्टरबॅकला घडवताना: ड्राफ्टच्या आधीपासून तिसऱ्या हंगामापर्यंत

२००२ साली एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, ह्यूस्टन टेक्सन्स हा नवा संघ उतरला आणि ड्राफ्टमधल्या (संघ कॉलेजचे खेळाडू क्रमाने निवडतात त्यातल्या) पहिल्याच निवडीवर त्यांनी डेव्हिड कार हा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा आणि हल्ला चालवणारा खेळाडू, घेतला. पहिल्या सामन्यापासून तोच खेळला. त्या हंगामात चेंडू हातातून सुटायच्या आधीच त्याला ७६ वेळा पाडलं गेलं. एका हंगामात एका क्वार्टरबॅकला बसलेल्या सॅकचा हा विक्रम अजून कायम आहे. चार वर्षं आधी, १९९८ मध्ये, पेटन मॅनिंगही असाच पहिल्या निवडीवर इंडियानापोलिस कोल्ट्सकडे आला, तोही पहिल्या सामन्यापासून खेळला. त्याने प्रतिस्पर्ध्यांच्या हातात २८ पास दिले, नवख्या खेळाडूसाठी विक्रमच. संघाने ३ सामने जिंकले, १३ हरले. पण वर्षभरात मॅनिंगला फक्त २२ सॅक बसले. पुढच्या हंगामात तोच संघ १३-३ (१३ विजय, ३ पराभव) झाला. कारच्या बाबतीत असं वळण कधी आलंच नाही.

हे दोन हंगाम शेजारी ठेवून पाहिले की माझं म्हणणं थोडक्यात सांगता येतं. चुका करणाऱ्या पोराला शिकवता येतं, पण प्रत्येक पासच्या वेळी मागून कोण येतंय याच धास्तीत असलेल्या पोराला शिकवणं फार अवघड जातं. त्यामुळे क्वार्टरबॅक घडवण्याचं निम्मं काम त्याच्या अंगावर नसतंच, ते त्याच्या भोवतालावर असतं. क्रिकेटमध्ये नवख्या फलंदाजाला सहाव्या क्रमांकावर पाठवून थोडं सांभाळून घेता येतं. इथे ती सोय नाही. मैदानावर क्वार्टरबॅक एकच असतो आणि संघाच्या जवळजवळ प्रत्येक प्लेला, म्हणजे आखलेल्या चालीला, चेंडू त्याच्या हातातून जातो.

पुढचं सगळं प्रशिक्षकांच्या बाजूने लिहिलं आहे. अमेरिकेत कोणी मराठी आई-वडील मुलांच्या फ्लॅग फुटबॉल (पाडापाडी नसलेला प्रकार) किंवा हायस्कूल संघाला शिकवत असतील, तर त्यांनाही यातलं बरंच काही उचलता येईल.

तो येण्याआधी

पहिलं काम एप्रिलमधल्या ड्राफ्टच्या आधीचं. लाइनमधला, म्हणजे क्वार्टरबॅकपुढे अडवायला उभ्या असलेल्या रांगेतला, सेंटर अनुभवी हवा. स्नॅपच्या (चेंडू मागे देऊन प्ले सुरू होण्याच्या) आधी बचावफळीकडे बोट दाखवून कोणी कोणाला अडवायचं हे सांगणारा तोच असतो. सेंटर जाणता असला तर नवख्या क्वार्टरबॅकच्या डोक्यावरचं मोठं ओझं कमी होतं. माझ्या मते महागड्या रिसीव्हरच्या (पास झेलणाऱ्याच्या) आधी पैसा इथे घालावा. त्यानंतर ब्लिट्झ (बचावाने क्वार्टरबॅकवर जादा माणसं सोडणं) ओळखून अडवणारा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, आणि मैदानाच्या मध्यभागी भरवशाचा टाइट एंड, म्हणजे अडवणं आणि झेलणं दोन्ही करणारा.

रिसीव्हरचं महत्त्व कमी आहे असं नाही. २०२३ मध्ये कॅरोलिना पँथर्सनी पहिली निवड मिळवण्यासाठी शिकागोला जे दिलं, त्यात त्यांचा सर्वोत्तम रिसीव्हर डीजे मूरही गेला. त्या निवडीवर आलेल्या ब्राइस यंगला पहिल्या हंगामात ६२ सॅक बसले, संघ २-१५ राहिला आणि मुख्य प्रशिक्षक फ्रँक राइक यांना ११ सामन्यांनंतर काढण्यात आलं. उलट बफेलो बिल्सनी २०२० मध्ये जॉश ॲलनसाठी स्टीफन डिग्जला आणलं. ॲलनच्या अचूक पासांचं प्रमाण २०१८ मध्ये ५२.८ टक्के होतं, २०२० मध्ये ते ६९.२ टक्क्यांवर गेलं. श्रेय एकट्या डिग्जचं नाही. ब्रायन डॅबोल हेच ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (हल्ल्याची आखणी करणारे प्रशिक्षक) तिन्ही वर्षं होते, हेही तितकंच मोठं कारण आहे.

इथेच सगळ्यात जास्त संघ घसरतात. ॲलेक्स स्मिथ २००५ मध्ये पहिल्या निवडीवर सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सकडे आला आणि पहिल्या पाच हंगामांत त्या संघाने पाच वेगवेगळे कोऑर्डिनेटर बदलले. नवा कोऑर्डिनेटर म्हणजे नवी नावं, नवी गणितं, पावलांची नवी मोजणी. पोरगा दरवर्षी पुन्हा पहिलीच्या वर्गात. मॅनिंगच्या वाट्याला मात्र टॉम मूर आले आणि दशकभर कोऑर्डिनेटर म्हणून राहिले. म्हणून क्वार्टरबॅक निवडण्याआधी मालकाने स्वतःला विचारावं: आपला मुख्य प्रशिक्षक पुढची तीन वर्षं नक्की आहे का? उत्तर डळमळीत असेल तर आधी तो प्रश्न सोडवा, निवड नंतर करा. मुख्य प्रशिक्षक स्वतःच प्ले बोलावणारा असेल तर आणखी एक फायदा होतो. हाताखालचा माणूस दुसऱ्या संघाने उचलून नेला तरी संघाची भाषा घरातच राहते.

पहिले सहा-सात आठवडे: तोंडपाठ, मग डोळे

कॉलेजमध्ये बरेच क्वार्टरबॅक बाजूच्या रेषेवरून येणारे हातवारे आणि फलक बघून खेळलेले असतात. हडलमध्ये, म्हणजे प्लेआधीच्या घोळक्यात, दहा जणांसमोर उभं राहून लांबलचक कॉल खणखणीत आवाजात सांगायची सवय अनेकांना नसते. एनएफएलमधला कॉल म्हणजे रचना, कोण सरकणार, प्रोटेक्शन (कोणी कोणाला अडवायचं), कोणी कुठे धावायचं आणि कितव्या आवाजावर स्नॅप, हे सगळं एका दमात. तो अडखळला की हडलमधल्या मोठ्या खेळाडूंना लगेच कळतं.

क्रम असा ठेवा. आधी रचना, मग प्रोटेक्शन, मग रूट (रिसीव्हरच्या धावण्याच्या वाटा), आणि शेवटी बचावाचे प्रकार. पुष्कळ प्रशिक्षक रूटपासून सुरुवात करतात, कारण पोराला तेच आवडतं. पण आपले पाच किंवा सहा अडवणारे कोणाला धरणार आणि कोण मोकळा सुटणार हे पक्कं झालं नसेल, तर रूट पाहायला वेळच उरत नाही. प्रत्येक प्रोटेक्शनबाबत त्याला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारा: यात मोकळा येणारा माणूस कुठून येईल, आणि आला तर चेंडू कोणाकडे टाकायचा?

रोजचा सराव अगदी साधा आहे. क्वार्टरबॅक कोचने संध्याकाळी वीसेक कॉल आपल्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करून पाठवावेत. त्याने एकदा ऐकून थांबवायचं, मोठ्याने म्हणायचं, आणि म्हणता म्हणता रिकाम्या हाताने पावलं टाकायची. मनातल्या मनात म्हटलेलं मोजायचं नाही. सकाळी फळ्यासमोर खडू त्याच्या हातात. तो शिकवेल, कोच विद्यार्थी होऊन शंका काढेल. "हा रूट इतका खोल का?" याला उत्तर नसेल तर तो प्ले त्याचा झालेला नाही, फक्त पाठ झाला आहे.

शेवटी बचाव. सुरुवातीला डोळे फक्त सेफ्टींवर (बचावाच्या सगळ्यात मागच्या खेळाडूंवर) ठेवायला सांगा: मागे एक आहे की दोन? स्नॅपनंतर ते जागेवर राहिले की फिरले? एवढं पक्कं झालं की कव्हर २, कव्हर ३ (मागचं मैदान दोघांनी किंवा तिघांनी वाटून राखणं), मॅन (एकाला एक) आणि त्यांची सोंगं यांची घडी आपोआप बसू लागते.

जूनच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत सुट्टी असते. या काळात कोच त्याला मैदानावर शिकवू शकत नाही. त्याला रिकाम्या हाताने घरी पाठवू नका. आठवड्यागणिक गृहपाठ लिहून द्या आणि एखाद-दोन रिसीव्हरना सोबत घेऊन सराव करायला सुचवा.

खोलीतला दादा

२०१७ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सनी सत्ताविसाव्या क्रमांकावरून दहाव्यावर उडी मारून पॅट्रिक महोम्सला घेतलं. त्या वेळी त्यांचा क्वार्टरबॅक होता ॲलेक्स स्मिथ, पाच कोऑर्डिनेटर पाहिलेला तोच. आपली जागा घ्यायलाच हा पोरगा आला आहे हे स्मिथला माहीत होतं. तरी त्याने आठवड्याची आपली सगळी तयारी महोम्ससमोर उघडी ठेवली: सकाळी किती वाजता यायचं, कुठलं फिल्म आधी बघायचं, वहीत काय टिपायचं, ब्लिट्झचे इशारे कसे शोधायचे. महोम्सने पुढे याचं श्रेय त्याला जाहीरपणे आणि वारंवार दिलं. महोम्स त्या वर्षी फक्त शेवटच्या साखळी सामन्यात, डेन्व्हरविरुद्ध, सुरुवातीपासून खेळला आणि चीफ्स २७-२४ ने जिंकले. पुढच्या हंगामात त्याने ५० टचडाउन पास (गोल रेषेपलीकडे गुण मिळवून देणारे) फेकले आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

यातून अनुभवी खेळाडू निवडण्याची कसोटी मिळते. नाव मोठं असण्यापेक्षा सवयी चांगल्या असाव्यात, आणि तुमच्याच प्रशिक्षकांची भाषा तो आधी बोललेला असावा. नवख्याला शिकवणं हे त्याच्या अंगावर नोकरी म्हणून टाकू नका. अशी सक्ती कोणालाच मानवत नाही. त्याला त्याची तयारी प्रामाणिकपणे करू द्या आणि पोराची खुर्ची त्याच्या शेजारी ठेवा. बाकीचं बऱ्याच अंशी आपसूक होतं.

एक गोष्ट मात्र मुख्य प्रशिक्षकाने स्वतः करायची. ड्राफ्टच्या आधी दाराआड त्या अनुभवी खेळाडूला खरं सांगायचं: आम्ही क्वार्टरबॅक घेणार आहोत, तुझी जागा अमुक काळ तुझी आहे, त्यानंतर असं होईल. ही बातमी त्याला टीव्हीवरून कळली तर खोलीतली हवा वर्षभर जड राहते आणि त्याची झळ पोराला बसते.

जॉश मॅकाउनसारखी माणसं यासाठीच मोलाची. २०१८ मध्ये न्यूयॉर्क जेट्समध्ये सॅम डार्नल्ड नवखा असताना मॅकाउन त्याच्या खोलीतला ज्येष्ठ क्वार्टरबॅक होता. डार्नल्डचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

हात आणि पाय

हंगाम चालू असताना फेकण्याच्या लकबीला हात लावू नका. अडचण बहुतेक वेळा पायांत सापडते. फोर्टीनायनर्सचे जुने प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी मागे सरकण्याची पावलं रूटच्या खोलीशी बांधली होती, तीन पावलांचे रूट वेगळे, पाच पावलांचे वेगळे, आणि ते तत्त्व आजही तसंच लागू आहे. शेवटचं पाऊल टेकलं की पहिल्या रिसीव्हरकडे चेंडू निघायला हवा. तो मोकळा नसेल तर एक छोटी उडी आणि दुसऱ्याकडे. पाय हललेच नाहीत तर डोळेही पहिल्यावरच अडकतात.

खांदा, कोपर, चेंडू धरण्याची उंची हे सगळं हंगामाबाहेरचं काम. ॲरन रॉजर्स ग्रीन बेमध्ये ब्रेट फार्वमागे तीन वर्षं बसला, तेव्हा प्रशिक्षक माइक मॅकार्थी आणि टॉम क्लेमेंट्स यांनी त्याची चेंडू कानाजवळ उंच धरण्याची कॉलेजमधली सवय बदलून घेतली. दर रविवारी खेळत असता तर हे करायला सवडच मिळाली नसती.

बसवायचं की उतरवायचं

यावर लोक तावातावाने भांडतात. दोन्ही बाजूंकडे उदाहरणं आहेत. महोम्स एक वर्ष बसला, रॉजर्स आणि जॉर्डन लव्ह तीन-तीन वर्षं. सी. जे. स्ट्राउड २०२३ मध्ये पहिल्या सामन्यापासून खेळला, ४,१०८ यार्ड आणि फक्त ५ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास), आणि आदल्या वर्षी ३ सामने जिंकलेला ह्यूस्टनचा संघ १० जिंकला. म्हणून मी वर्षं मोजत नाही, तीन गोष्टी तपासतो. प्रोटेक्शन तो स्वतः बदलू शकतो का? कॉल मिळाल्यापासून स्नॅपपर्यंत हडल त्याच्या ताब्यात असतो का? आणि आपली लाइन त्याला दर पासमागे अडीच सेकंद देऊ शकते का? तिसऱ्याचं उत्तर नाही असेल तर पहिल्या दोहोंचं कितीही छान असलं तरी थांबा. मालकाची घाई आणि प्रेक्षकांच्या घोषणा या हिशेबात धरायच्या नाहीत.

बसवलंत तर त्याला कामाशिवाय बसवू नका. राखीव क्वार्टरबॅक सरावात बहुतेक वेळ पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे प्ले कार्डावर बघून चालवतो, आणि त्यात आपली भाषा गंजते. त्यावर उपाय असा: कार्डावरच्या प्लेला आपल्या भाषेत काय म्हणतात ते त्याने हडलमध्ये आधी सांगायचं, मग चालवायचा. सरावानंतर वीस मिनिटं राखीव रिसीव्हरसोबत त्या दिवशीचे मुख्य प्ले स्वतः चालवायचे. सामन्यात हेडसेटवर प्रत्येक कॉल ऐकायचा आणि स्नॅपच्या आधी शेजारच्या कोचला चेंडू कुठे जाईल ते सांगायचं. ग्रीन बेचा लव्ह पहिल्या हंगामात तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक होता, सामन्याच्या दिवशी गणवेशातही नसायचा. क्लेमेंट्स २०२२ मध्ये निवृत्तीतून परतले आणि त्याच्यासोबत काम करू लागले. २०२३ मध्ये तो उतरला तेव्हा संघ आधी ३-६ असा अडखळला. प्रशिक्षक डगमगले नाहीत. शेवटी ३२ टचडाउन पास झाले आणि प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) डॅलसला त्यांच्याच मैदानावर ४८-३२ ने हरवलं.

आठवडा

क्वार्टरबॅक खरा घडतो तो इथे, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

रविवारी सामना. सोमवारी कोचसोबत फिल्म बघण्याआधी त्याने एकट्याने बघून यायचं आणि जे प्ले पुन्हा मिळावेसे वाटतात ते लिहून आणायचे. कोचने आधी ते वाचायचं, मग बोलायचं. प्रत्येक पासला चार वेगवेगळे शेरे द्या: निर्णय, पाय, फेक आणि निकाल. निकाल मुद्दाम शेवटी. चुकीच्या निर्णयावरही कधी टचडाउन मिळतो, आणि अचूक पास रिसीव्हरच्या हाताला लागून उडाल्यावर इंटरसेप्शन होतो. दोन्ही प्रसंगी पोराला खरं काय घडलं ते कळलं पाहिजे. मॅनिंगच्या २८ इंटरसेप्शनसारखा आकडा समोर आला की घाबरून न जाता त्यांची वर्गवारी करा: किती घाईचे, किती उशिराचे, किती न दिसलेल्या लाइनबॅकरचे (बचावाच्या मधल्या फळीतल्या खेळाडूचे). एकाच प्रकारची चूक तीन आठवडे टिकली तर ती शिकवणाऱ्याची चूक समजा.

मंगळवारी खेळाडूंना सुट्टी असते. मुरलेले क्वार्टरबॅक तरी येतात, नवख्याने अर्धा दिवस यावं. त्या दिवशी फक्त प्रतिस्पर्ध्याचे ब्लिट्झ बघायचे, बाकी काही नाही.

बुधवारी पहिल्या आणि दुसऱ्या डाउनचे प्ले (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार संधींपैकी प्रत्येक म्हणजे डाउन), गुरुवारी तिसऱ्या डाउनचे, शुक्रवारी शेवटच्या वीस यार्डांतले. बहुतेक संघांची घडी साधारण अशीच असते. तिसऱ्या डाउनला बचाव सगळ्यात जास्त सोंगं करतो, म्हणून नवख्यासाठी गुरुवार सगळ्यात कठीण. त्या रात्री त्याला नवं काही देऊ नका.

शनिवारी संध्याकाळची बैठक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. प्लेची पूर्ण यादी त्याच्यासमोर ठेवा आणि लाल पेन त्याच्या हातात द्या. जो प्ले वाचताना तो थबकतो, तो खोडायचा. आठवडाभर राबून बसवलेला प्ले खोडताना कोऑर्डिनेटरच्या जिवावर येतं, हे मला समजतं. पण पोराला खात्री नसलेला उत्तम प्ले त्याच्या हातात मध्यमही ठरत नाही. उरलेल्यांतून आवडते प्ले त्यानेच निवडायचे, आणि तिसऱ्या डाउनला अडचण आली की त्यांतलाच एक बोलवायचा.

रविवार

दोन प्लेंच्या मधलं घड्याळ ४० सेकंदांचं असतं, आणि हेल्मेटमधला कोचचा आवाज घड्याळात १५ सेकंद उरले की बंद होतो. म्हणून कॉल लवकर पोचवा. उशिरा आलेला चांगला कॉल नवख्याच्या काही कामाचा नसतो. वॉल्श यांच्याप्रमाणे सुरुवातीचे पंधरा प्ले आदल्या रात्री ठरवून ठेवा, म्हणजे पहिल्या ड्राइव्हला (चेंडू आपल्याकडे असतानाच्या सलग प्लेंना) पोट गोळा झालेलं असतानाही पुढे काय येणार हे त्याला ठाऊक असतं. सोपे पास, धाव, क्वार्टरबॅक एका बाजूला पळत फेकतो असे प्ले सुरुवातीला घ्या. पण भीतीपोटी पहिल्या दोन डाउनला फक्त धावच घेतलीत, तर तिसऱ्या डाउनला दर वेळी नऊ-दहा यार्ड उरतात आणि तुम्हीच त्याला सगळ्यात अवघड जागी नेऊन उभं करता.

तो बाहेर आला की टॅबलेटवर मागच्या ड्राइव्हची छायाचित्रं असतात. त्याच्याशी एकानेच बोलायचं. पहिला प्रश्न "काय दिसलं?" आणि मग पूर्ण गप्प बसून ऐकायचं.

बाहेर काढावं लागलं तर

२०२४ मध्ये कॅरोलिनाच्या ब्राइस यंगला दोन सामन्यांनंतर बसवून नवे प्रशिक्षक डेव्ह कॅनालेस यांनी ज्येष्ठ अँडी डाल्टनला उतरवलं. ऑक्टोबरमध्ये डाल्टनच्या अंगठ्याला गाडीच्या अपघातात इजा झाली आणि यंग परत आला. परतलेला यंग बराच स्थिर वाटला. हंगामाच्या शेवटच्या सामन्यात त्याने अटलांटाला ज्यादा वेळेत ४४-३८ ने हरवलं.

बसवणं म्हणजे शेवट नाही हे यातून दिसतं, पण रीत पाळावी लागते. पत्रकारांना कळण्याआधी मुख्य प्रशिक्षकाने समोरासमोर सांगायचं. कारण खेळाच्या भाषेत द्यायचं: अमुक प्रोटेक्शन, अमुक पावलं. परत यायला काय दिसलं पाहिजे हेही सांगायचं. आणि एका खराब सामन्यावरून काढायचं नाही, तसंच एका चांगल्या सामन्यावरून परत आणायचं नाही.

दुसरं आणि तिसरं वर्ष

दुसऱ्या वर्षी प्रतिस्पर्ध्यांकडे त्याचं पूर्ण हंगामाचं फिल्म असतं. त्याला काय नकोसं आहे ते सगळ्यांना माहीत झालेलं असतं. हंगाम संपल्यावर एप्रिलपर्यंत संघाच्या कोचला त्याला शिकवायची मुभा नसते, त्यामुळे बहुतेक जण खासगी प्रशिक्षकाकडे जातात. निघण्याआधी त्याला दोनच गोष्टी लिहून द्या, आणि त्या खासगी प्रशिक्षकालाही कळतील अशा भाषेत. पाच गोष्टी दिल्यात तर एकही सुधारून येणार नाही.

पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो आणि पाचव्या वर्षाचा पर्याय घ्यायचा की नाही, हे संघाला तिसऱ्या हंगामानंतर मेच्या सुरुवातीपर्यंत ठरवावं लागतं. जेट्सनी डार्नल्डला तीन हंगामांनंतर, २०२१ मध्ये, दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. तेवढ्या काळात त्याने दोन मुख्य प्रशिक्षक पाहिले होते. २०२४ मध्ये तो मिनेसोटा व्हायकिंग्जकडे गेला. तिथे क्वार्टरबॅक कोच होता जॉश मॅकाउन. त्या हंगामात डार्नल्डने ४,३१९ यार्ड आणि ३५ टचडाउन पास फेकले, संघ १४-३ झाला.

म्हणून तिसऱ्या वर्षी निर्णयाला बसताना टचडाउन-इंटरसेप्शनचा तक्ता आधी उघडू नका. सोमवारच्या त्या चार शेऱ्यांच्या वह्या टेबलावर काढा. निर्णय आणि पाय या दोन रकान्यांची तिन्ही वर्षं एका कागदावर उतरवा. शेजारच्या कागदावर त्या काळात बदललेले कोऑर्डिनेटर, लाइनमधले बदल, बसलेले सॅक मांडा. पहिला कागद वर चढत असेल आणि दुसरा विस्कटलेला असेल, तर पर्याय घ्या आणि दुसरा कागद दुरुस्त करायला लागा.